उत्सवाची गर्दी आणि मुक्कामाचा प्रश्न

भाद्रपद शुद्ध त्रयोदशीची सकाळ होती. डोंबिवलीत रात्रभर पावसाची संततधार लागली होती. साडेसहाच्या सुमारास माझा दूरध्वनी खणखणला. पलीकडून माझे साडू बोलत होते. "अण्णा, ठाण्याहून बोलतोय. इथं धर्मशाळेत आपल्या नावाची एकही खोली नाही म्हणतात. पैसे भरलेत, तरीही नाही म्हणतात."

माझे साडू सांगली जिल्ह्यातील बाजारपेठेच्या गावी हळदीचा व्यापार करतात. त्यांची कन्या ठाण्यास दिलेली आहे. त्या वर्षी तिने दशलक्षण पर्वात दहा उपवासांचे व्रत घेतले होते आणि पौर्णिमेस तिचे पारणे होते. माहेरची सात माणसे पारण्यासाठी रात्रीच्या गाडीने आली होती. त्यांत साडूंच्या ऐंशीच्या घरातील मातोश्री, आक्काही होत्या. कन्येचे घर दोन खोल्यांचे. तेथे सात पाहुण्यांची सोय होणे शक्य नव्हते. म्हणून साडूंनी तीन आठवडे आधी इंटरनेटवर शोध घेऊन ठाण्यातील एका धर्मशाळेचा दूरध्वनी क्रमांक मिळवला होता आणि तीन खोल्या, दोन रात्री, अशा हिशेबाने ९,६०० रुपये पाठवले होते. प्रत्यक्षात तो क्रमांक धर्मशाळेचा नव्हताच. मुनीमजींनी आपली नोंदवही उघडून दाखवली. त्यात साडूंचे नाव नव्हते आणि एकही खोली रिकामी नव्हती.

आक्का ओल्या चपला काढून धर्मशाळेच्या बाकावर बसून होत्या. त्या दिवशी त्यांचा उपवास होता. हे चित्र मी अद्याप विसरू शकलेलो नाही. माझी नोकरीची छत्तीस वर्षे बँकेत गेली. परक्यांच्या ठेवी सांभाळण्यात आयुष्य वेचले आणि घरच्या माणसाला मात्र पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी सांगण्याचे सुचले नाही. त्या गोष्टी आज या लेखात सांगाव्यात, असा हेतू आहे.

दोन पर्वे, एकच पंधरवडा

आपल्या समाजातील कुटुंबांपुढे ही अडचण दरवर्षी का उभी राहते, हे पंचांग उघडताच ध्यानात येते. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेचे पर्युषण भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या संवत्सरीने पूर्ण होते आणि त्याच तिथीस घरोघरी गणपती बसतात. दिगंबर परंपरेचे दशलक्षण पर्व पंचमीस सुरू होऊन अनंत चतुर्दशीस संपते. म्हणजे ते संपूर्णपणे गणेशोत्सवातच येते. तपस्वींच्या पारण्यासाठी, प्रवचनांसाठी किंवा क्षमापनेच्या भेटीगाठींसाठी आपण ज्या दिवसांत प्रवासाला निघतो, त्याच दिवसांत लालबाग-गिरगावचे गणपती पाहण्यासाठी गावोगावची माणसे मुंबईकडे निघालेली असतात. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीतील उत्सव १८९३ पासूनचा आणि लालबागच्या राजाचे मंडळ १९३४ चे. ही ओढ जुनी आहे आणि ती कमी होण्याचे चिन्ह नाही. मुंबईत जागा मिळाली नाही, की हा लोंढा ठाण्यात, डोंबिवलीत आणि कल्याणात उतरतो.

नवरात्रात ठाण्यापुरती हीच स्थिती पुन्हा येते. टेंभी नाक्याच्या देवीचा उत्सव आणि त्याच परिसरातील श्री मुनिसुव्रत स्वामींचे मंदिर, ज्याला आपण 'कोकण शत्रुंजय' म्हणतो, ही दोन्ही स्थाने हाकेच्या अंतरावर आहेत. श्रीपाळ-मयणासुंदरीच्या कथेशी ठाण्याचे नाव जोडलेले असल्याने आश्विन शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंतच्या नवपदाच्या ओळीस येथे येण्याची अनेकांची इच्छा असते. सप्तमी ते दसरा हे दिवस दोन्ही गर्दींचे समाईक असतात. मोकळेपणाने दर्शन घ्यायचे असल्यास दसऱ्यानंतरचे चार-पाच दिवस निवडावेत.

मात्र याची दुसरी बाजूही पाहावी. गणपतीत डोंबिवली-कल्याणातील कितीतरी इमारतींत निम्म्या दारांना कुलपे असतात, कारण कोकणातली मंडळी गावी गेलेली असतात. पाहुणा खोलीसाठी दारोदार फिरत असतो आणि त्याच वेळी शहरातील शेकडो घरे रिकामी असतात. या विसंगतीकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

ठाणे, डोंबिवली की कल्याण?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोहोचली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. या तिन्ही गावांचे आजचे रूप त्या मार्गाने घडवले आहे. म्हणून मुक्काम निवडतानाही रेल्वेचाच विचार आधी करावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे सुमारे ३४, डोंबिवली सुमारे ४८ आणि कल्याण सुमारे ५४ किलोमीटर आहे. जलद लोकलने ठाण्याहून पाऊण तास, तर डोंबिवली-कल्याणहून तास-सव्वा तास धरावा.

पुण्याकडून कर्जतमार्गे आणि नाशिक-जळगावकडून कसारामार्गे येणारे दोन्ही रेल्वेमार्ग कल्याणास एकत्र येतात. त्यामुळे सांगली, कोल्हापूर, सोलापूर किंवा खानदेशातून येणाऱ्यांना कल्याण आधी लागते. बाहेरगावच्या बहुतेक गाड्या तेथे थांबतात आणि स्थानकाजवळ साध्या लॉजांची संख्याही बरी आहे. डोंबिवलीत लांब पल्ल्याच्या फार थोड्या गाड्या थांबतात; सामान घेऊन कल्याणहून लोकलने मागे यावे लागते. ठाण्यात भाडे अधिक पडते. पण मुंबई जवळ येते आणि शाकाहारी भोजनालये पायी अंतरावर मिळतात.

स्थानकाच्या कोणत्या बाजूस जागा आहे, हे अवश्य विचारावे. "स्टेशनपासून पाच मिनिटे" एवढ्यावर समाधान मानू नये. पूर्व की पश्चिम, हा या तिन्ही गावांत कळीचा प्रश्न आहे. ज्येष्ठ माणसाला घेऊन गर्दीचा पूल ओलांडणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक.

विसर्जनाचे दिवसही पाहून ठेवावेत. दीड दिवसाचे, पाच दिवसांचे, गौरींबरोबर जाणारे आणि अनंत चतुर्दशीचे गणपती ज्या दिवशी निघतात, त्या दिवशी दुपारनंतर कल्याणात दुर्गाडीच्या गणेश घाटाकडे, डोंबिवलीत मोठागावच्या रेतीबंदराकडे आणि ठाण्यात तलावपाळीच्या परिसरात रस्ते भरून जातात. रिक्षा मिळत नाही आणि मिळाली तरी पुढे सरकत नाही. त्या वाटेवरील खोली अन्य दिवशी कितीही सोयीची असली, तरी त्या संध्याकाळी तिच्यापर्यंत पोहोचणे कठीण होते.

खोलीचे भाडे म्हणजे मुक्कामाचा खर्च नव्हे

आपण व्यापारी माणसे. माल विकत घेताना खरेदीच्या दराबरोबर हमाली, वाहतूक आणि तूटही धरतो. खोली घेताना मात्र केवळ भाडे पाहतो. एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ हिशेबासाठी आहेत. चार माणसांचे कुटुंब तीन रात्री राहणार आहे. मुंबईत खोली ४,५०० रुपयांना आणि कल्याणात २,२०० रुपयांना मिळते. तीन रात्रींचा फरक ६,९०० रुपये. परंतु दोन रात्री देखावे पाहून उशीर झाला, लोकल चुकली आणि प्रत्येक वेळी १,५०० रुपये देऊन गाडी करावी लागली, तर फरक ३,९०० रुपयांवर आला. शिवाय रोजचे दोन-अडीच तास प्रवासात गेले. तरुण कुटुंबाला हा सौदा अजूनही परवडेल. सोबत लहान मूल किंवा वृद्ध असतील, तर कदाचित ठाण्यातील मधल्या भावाची खोलीच एकूण हिशेबात स्वस्त ठरेल.

यातील रेल्वेचा भाग कमी करता येतो. उपनगरी गाड्यांसाठी एक, तीन व पाच दिवसांची पर्यटक तिकिटे मिळतात. रोज रांगेत उभे राहावे लागत नाही. विसर्जनाच्या रात्री मध्य रेल्वे कल्याणच्या दिशेने जादा लोकल सोडते. त्यांचे वेळापत्रक काही दिवस आधी प्रसिद्ध होते, ते जवळ ठेवावे. लालबागला जाणाऱ्यांनी दादरला धीमी लोकल धरून करी रोड किंवा चिंचपोकळीस उतरावे, कारण जलद गाड्या तेथे थांबत नाहीत.

चौविहार पाळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी. भाद्रपदात सूर्यास्त साधारण साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान होतो. कल्याणात मुक्काम ठेवून मुंबईत फिरणाऱ्याने सूर्यास्तापूर्वी मुक्कामी परतायचे म्हटले, तर चार वाजताच निघावे लागते आणि ती वेळ लोकलच्या संध्याकाळच्या गर्दीची सुरुवात असते. त्यापेक्षा जेथे दिवस जाणार असेल तेथील भोजनशाळेची वेळ आधी विचारून ठेवावी आणि परतीचा प्रवास गर्दी ओसरल्यावर करावा.

कराविषयी दोन शब्द. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या हॉटेलच्या खोलीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. त्यापूर्वी तो १२ टक्के होता. नोंदणीकृत धर्मादाय न्यासाच्या मालकीच्या धर्मस्थळाच्या आवारातील खोलीचे भाडे दिवसाला १,००० रुपयांपेक्षा कमी असेल, तर त्यावर कर नाही. म्हणून भाव ठरवताना "कर धरून की कर वेगळा?" हे विचारावे आणि पावती घ्यावी.

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी

आता साडूंच्या ९,६०० रुपयांकडे येतो. मी नंतर त्यांचा सर्व व्यवहार कागदावर मांडून पाहिला. सावध होण्याची संधी तीनदा आली होती.

पहिली संधी क्रमांक मिळवताना. इंटरनेटवरील शोधात वर दिसणारे संकेतस्थळ संस्थेचेच असेल, असे नाही. संस्थेच्या नावाने आणि छायाचित्रांनी सजवलेली बनावट पाने कोणीही तयार करू शकतो. तीर्थस्थानांच्या धर्मशाळांच्या नावे अशी फसवणूक वारंवार होते. क्रमांक स्थानिक संघाकडून, तेथे राहून आलेल्या परिचिताकडून किंवा संस्थेच्या जुन्या पावतीवरून घ्यावा. साडूंची कन्या ठाण्यातच होती. जावईबापूंनी जाऊन प्रत्यक्ष विचारले असते, तर अर्ध्या तासात काम झाले असते. पण जावयाला तसदी कशी द्यावी, या संकोचापायी ते राहिले.

दुसरी संधी पैसे पाठवताना. यूपीआयने रक्कम पाठवण्यापूर्वी पडद्यावर खातेदाराचे नाव येते. तेथे न्यासाचे नाव नव्हते. एका अनोळखी व्यक्तीचे होते. "ते आमच्या मॅनेजरचे खाते आहे," हे उत्तर साडूंनी मान्य केले. दुकानात उधारी देताना ज्यांनी कधी तिऱ्हाइताच्या नावाचा धनादेश घेतला नाही, त्यांनी येथे विश्वास ठेवला. न्यासाचा पैसा न्यासाच्याच खात्यात जातो, हा नियम कायमचा लक्षात ठेवावा. शिवाय बहुतेक धर्मशाळा संपूर्ण रक्कम आगाऊ मागत नाहीत. घाई करून सगळे पैसे मागणारा माणूस दिसला, की थांबावे.

तिसरी संधी पावतीच्या वेळी. न्यासाच्या पावतीवर नोंदणी क्रमांक, पत्ता आणि अनुक्रमांक असतो. साडूंना मोबाईलवर केवळ "बुकिंग कन्फर्म" एवढा संदेश आला. त्यावर कोणाची सही नव्हती, की शिक्का नव्हता.

पुढे त्याच माणसाने "रक्कम परत करतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका" असा निरोप पाठवला, तेव्हा साडूंनी मला विचारले आणि दुसरा फटका टळला. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही; तो देण्यासाठीच लागतो. फसवणूक लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी आणि आपल्या बँकेलाही कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. आमच्या प्रकरणी तीन आठवडे उलटून गेले होते. तक्रार नोंदवली, रक्कम परत आली नाही.

धर्मशाळा म्हणजे स्वस्त हॉटेल नव्हे

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. "नकरा एवढा कमी, मग सोय अशी का?" अशी कुरकुर मी अनेक धर्मशाळांच्या कार्यालयांत ऐकली आहे. नकरा हे भाडे नव्हे. दात्यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या वास्तूच्या देखभालीस आपण लावलेला तो हातभार आहे. म्हणून तेथील नियम हॉटेलपेक्षा निराळे असतात. प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे ओळखपत्र लागते. एकट्या प्रवाशाला अनेक ठिकाणी खोली देत नाहीत. भोजनशाळेची कुपने आदल्या दिवशी किंवा सकाळीच घ्यावी लागतात. पर्वाच्या दिवसांत तपस्वी व यात्रेकरूंना प्राधान्य मिळते. केवळ गणपती पाहण्यासाठी येणाऱ्याने धर्मशाळेची खोली अडवून ठेवणे योग्य नाही; ती एखाद्या तपस्वीच्या आईची असू शकते. परवडत असेल त्याने हॉटेल घ्यावे आणि धर्मशाळा गरजूंसाठी मोकळी ठेवावी. बेत रद्द झाल्यास त्याच दिवशी कळवावे. न कळवता रिकामी राहिलेली खोली हे पर्वाच्या काळात दुसऱ्या कुटुंबाचे नुकसान असते.

रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी सुरू होते. मुक्कामाची विचारणाही त्याच दिवशी करावी. तिकीट हाती आणि छप्पर नाही, अशी अवस्था त्यामुळे टळते.

एकोणीसशे वर्षांपूर्वीची ठेव

प्रवाशाची सोय करणे हा आपल्या भागातील व्यापारी आणि सधन वर्गाचा फार जुना धर्म आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या ठिकाणी त्याने चौसोपी निवारे बांधल्याची नोंद त्यात आहे. शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होते. याच उषवदाताने लेण्यातील भिक्षूंसाठी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेवले. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण व्याज ठरले. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, केवळ व्याज वापरायचे, अशी अट होती. अशा ठेवीला 'अक्षयनीवी' म्हणत. मुदत ठेवींची पुस्तके तपासण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हा लेख वाचताना काय वाटले असेल, ते सांगायला नको. कान्हेरीच्या लेण्यांतही कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. अलीकडच्या काळात शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांनी मुंबईत सी. पी. टँकजवळ पित्याच्या स्मरणार्थ हिराबाग धर्मशाळा उभारली, तीही याच परंपरेतली.

आज नव्या धर्मशाळेसाठी ठाण्यात जमीन घेणे सामान्य संघाच्या आवाक्याबाहेर आहे. परंतु नवी इमारत हाच एक मार्ग नाही. आषाढी वारीत वाटेवरच्या गावांतील घरे दिंड्यांना जागा देतात. त्यासाठी कोणी इमारती बांधल्या नाहीत. आपल्या प्रत्येक स्थानिक संघाने श्रावणात एक पाहुणा-वही उघडावी. कोणाच्या घरी एक खोली रिकामी आहे, कोणाचा फ्लॅट दहा दिवस बंद राहणार आहे, कोणत्या सोसायटीचे सभागृह मिळू शकते, याची नोंद घरमालकाच्या संमतीने व्हावी. येणाऱ्या कुटुंबाची ओळख त्याच्या गावच्या संघाने पत्राने द्यावी आणि सोसायटीच्या चिटणिसांना आधी कळवावे. गाद्या, चादरी आणि धुलाईचा खर्च भागवण्यासाठी छोटा कायम निधी ठेवावा. मुद्दल बँकेत आणि खर्च व्याजातून. उषवदाताचीच रीत, केवळ विणकरांच्या श्रेणीऐवजी राष्ट्रीयीकृत बँक. त्या वहीचा एकच अधिकृत दूरध्वनी क्रमांक असावा आणि तो या मासिकासारख्या ठिकाणी दरवर्षी छापून यावा. मग कोणाला इंटरनेटवर क्रमांक शोधत बसावे लागणार नाही.

ही सूचना केवळ कागदावरची नाही, हे मला त्याच त्रयोदशीस कळले. माझ्या घरी चार माणसांची सोय झाली असती, सातांची नाही. समोरच्या घराची किल्ली माझ्याकडे होती. ते कुटुंब गणपतीसाठी मालवणला गेले होते आणि तुळशीला पाणी घालण्याचे काम माझ्याकडे होते. पंधरा वर्षांचा शेजार असूनही विचारताना मला संकोच वाटला. मी चाचरत विषय काढला, तोच ते म्हणाले, "काका, माका कित्याक विचारतास? कुलूप काढा आणि पावण्यांका आत घेवा."

दहाच्या सुमारास आक्का त्या घरात पलंगावर पाठ टेकून पडल्या होत्या. पौर्णिमेस ठाण्यात पारणे यथासांग झाले. निघताना आक्कांनी स्वतःच्या हाताने ते घर झाडले, चादरींच्या घड्या घातल्या आणि मला विचारले, "अण्णा, या माणसांचं देणं मी कसं फेडायचं?" मी त्यांना म्हणालो, "तुमच्या गावी कोणी असा अडकला, तर त्याला जागा द्या."

पुढच्या वर्षी त्या शेजाऱ्यांचा मुलगा एका स्पर्धा परीक्षेसाठी सांगलीस गेला, तेव्हा तो साडूंच्याच घरी उतरला. खोलीचे भाडे कोणी विचारले नाही.